थंडीला मालक नसतो

वैद्यकाच्या इतिहासात काही प्रश्न असे असतात, की विचारणारा ते विसरून जातो. परंतु ज्याला ते विचारले जातात त्याची पाठ ते आयुष्यभर सोडीत नाहीत. फिलाडेल्फियात वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या टेम्पल फे या विद्यार्थ्याला त्याच्या प्राध्यापकांनी असाच एक प्रश्न विचारला होता. कर्करोग मूळ जागा सोडून शरीरभर पसरतो, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या पलीकडे तो क्वचितच का जातो? विद्यार्थ्याने ‘ठाऊक नाही’ असे प्रांजळ उत्तर दिले. पुढे मेंदूचे नामांकित शल्यविशारद झाल्यावर फे यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांचे तापमान मोजले, तेव्हा हातापायांची टोके धडापेक्षा बरीच थंड असतात, असे त्यांना आढळले. थंडी आणि कर्करोग यांचे हाडवैर तर नसेल, या शंकेने त्यांना घेरले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी टेम्पल विद्यापीठाच्या रुग्णालयात, ज्यांच्यावर अन्य उपाय उरले नव्हते अशा कर्करुग्णांना भूल देऊन बर्फाच्या साहाय्याने थंड करण्यास प्रारंभ केला. ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असणारे शरीराचे तापमान ३२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली नेण्यात आले. पुष्कळांच्या वेदना कमी झाल्या. काही रुग्ण दगावले. कर्करोग मात्र बरा झाला नाही.

यानंतर या विषयावर एक काळी छाया पडली. १९४२-४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून जे अमानुष प्रयोग केले, त्यांमुळे ‘माणसाला थंड करणे’ हे शब्दच कलंकित झाले. पुढे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शीतनाचा उपयोग होऊ लागला. १९५२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात रुग्णाला थंड करून उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली, आणि थंडीला वैद्यकात पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. कर्करोगाच्या दालनात मात्र फे यांचा प्रश्न बराच काळ अडगळीत पडून राहिला.

फे यांचे अनुमान पूर्णपणे बरोबर होते असे आज कोणी म्हणणार नाही. प्रौढ माणसात रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मुख्यतः मणके, बरगड्या, कटिबंध अशा धडाजवळच्या हाडांत असते, आणि हाडांत शिरणाऱ्या कर्कपेशींना तेथेच आसरा मिळतो. हातापायांच्या टोकांना लाभणाऱ्या संरक्षणाचे हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. तथापि उत्तर चुकले म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. तोच प्रश्न आता निराळ्या आणि अधिक नेमक्या रूपात विचारता येतो. थंडीने गाठ मरते काय, हा तो प्रश्न नव्हे. रक्तातून भटकणाऱ्या कर्कपेशीची रक्तवाहिनीच्या भिंतीवरची पकड तापमान थोडे उतरल्याने सैल होते काय, हा तो प्रश्न आहे.

बीज आणि भूमी

कर्करोगाने होणाऱ्या बहुसंख्य मृत्यूंना मूळ गाठ कारणीभूत नसते. यकृत, फुप्फुस, मेंदू, हाडे यांत उगवलेल्या दुय्यम गाठी कारणीभूत असतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी वाटेल तेथे उगवत नाहीत, हे त्यांतून दिसून आले. बीज सर्व दिशांना उडते, पण अनुकूल भूमीतच रुजते, हा त्याचा सिद्धांत. जेम्स युइंग या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये याला वेगळे वळण दिले. रक्ताचा प्रवाह जिकडे नेतो आणि ज्या सूक्ष्म वाहिन्यांत पेशी अडकतात, तेथेच गाठ होते, असे त्याचे म्हणणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

१९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. चोवीस तासांनंतर त्यांपैकी हजारी एकाहूनही कमी पेशी जिवंत होत्या. याचा अर्थ असा, की रक्तप्रवाह हा कर्कपेशीचा राजमार्ग नसून ती तिची अग्निपरीक्षा आहे. प्रवाहाचा जोर तिला फाडतो, संरक्षक पेशी तिचा पाठलाग करतात. ती टिकायची तर तिने लवकरात लवकर कोठेतरी काठ पकडला पाहिजे.

हा काठ म्हणजे रक्तवाहिनीचे अस्तर. शरीरात कोठे जखम वा दाह झाला, की या अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू उभारतात. वास्तविक ही सोय शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली आहे. प्रवाहातून वेगाने जाणारी पांढरी पेशी या रेणूंना अडखळते, गडगडत मंदावते, मग इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या रेणूंच्या साहाय्याने घट्ट चिकटते आणि भिंत ओलांडून जखमेकडे धाव घेते. अनेक कर्कपेशींच्या अंगावर पांढऱ्या पेशींसारख्याच शर्करेच्या खुणा असतात. त्या खुणा दाखवून कर्कपेशी त्याच दाराने आत शिरतात. पहारेकऱ्यासाठी ठेवलेली शिडी चोराच्या उपयोगी पडावी, तसा हा प्रकार आहे.

शस्त्रक्रियेच्या मेजावर

आता शस्त्रक्रियेचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. गाठ हाताळली जाते तेव्हा काही कर्कपेशी सुटून रक्तात जातात. शस्त्राने झालेल्या जखमेमुळे दाह होतो, अस्तरावरील चिकट रेणू वाढतात, आणि त्याच सुमारास शरीराची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. बीज उडते, भूमी चिकट होते आणि राखणदार पेंगतो, अशा तिन्ही गोष्टी त्या मोजक्या तासांत एकत्र येतात. जी शस्त्रक्रिया रुग्णाला वाचविते, तिच्याच काळात रोगाला पसरण्याची संधी मिळू शकते, हा कर्करोगाच्या उपचारातील सर्वांत कठीण विरोधाभास आहे. अर्थात म्हणून शस्त्रक्रिया टाळावी असा याचा अर्थ नाही. गाठ राहू देण्याचा धोका याहून कितीतरी मोठा असतो.

याच तासांत तापमानाचाही खेळ चालू असतो. संपूर्ण भूल दिली, की त्वचेकडील रक्तवाहिन्या सैल होतात, शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वाहते, आणि पहिल्या तासाभरातच गाभ्याचे तापमान एक ते दीड अंशाने उतरते. म्हणजे रुग्णाला ऊब देण्याची दक्षता घेतली नाही, तर सौम्य शीतनाचा प्रयोग कोणी न योजताही शस्त्रक्रियागृहांतून होतच असतो. त्याचे कर्करोगावर काय परिणाम होतात, हे पाहण्याची तसदी मात्र फारशी घेतली गेलेली नाही.

प्रयोगशाळेतून जे कळते ते उत्सुकता वाढविणारे आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत मानवी रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवर प्रयोग झाले. दाह उत्पन्न करणारे द्रव्य देऊनही, थंड ठेवलेल्या पेशींनी ई-सिलेक्टिनची निर्मिती रोखून धरली, असे त्यांत दिसले. चिकट रेणू कमी, तर चिकटणाऱ्या पेशीही कमी, हा तर्क सरळ आहे. पण त्याच प्रयोगांनी दुसरीही गोष्ट दाखविली. हा परिणाम टिकाऊ नाही. पेशींना ऊब मिळताच ती निर्मिती पुन्हा सुरू होते. रुग्णाला कधीतरी पुन्हा उबदार करावेच लागणार. तेव्हा रोखलेली चिकटण्याची क्रिया केवळ लांबणीवर पडते, की तेवढ्या अवधीत भटक्या पेशी प्रवाहात नष्ट होतात, यावर सारे अवलंबून आहे.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. १९९९ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी भूल दिलेल्या उंदरांचे तापमान उतरू दिले, तेव्हा कर्कपेशींना ठार करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे बळ घटले आणि कर्करोगाच्या प्रसाराला होणारा प्रतिकार दुबळा झाला. म्हणजे थंडीने काठ निसरडा होत असेल, पण राखणदारही गारठतो. त्याआधी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यापैकी ६ टक्क्यांच्या, तर ज्यांचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरू दिले त्यांच्यापैकी १९ टक्क्यांच्या जखमा चिघळल्या. या दुसऱ्या गटाचा रुग्णालयातील मुक्कामही सरासरी अडीच दिवसांहून अधिक लांबला. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला उबदार ठेवावे, हा आजचा दंडक अशा पुराव्यांवर उभा आहे, आणि तो मोडण्यास सध्या कोणतेही कारण नाही.

उत्साहाची किंमत

तर्क कितीही सुबक असला, तरी माणसाच्या शरीरावर तो खरा ठरेलच असे नाही, हे शीतनाच्याच अलीकडील इतिहासाने शिकविले आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, पण शुद्धीवर न आलेल्या रुग्णांना थंड केल्यास मेंदू वाचतो, असे २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांनी दाखविले. एकात २७५ रुग्ण होते, दुसऱ्यात केवळ ७७. जगभर या उपचाराचा स्वीकार झाला. २०१३ मध्ये नऊशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ३३ अंश आणि ३६ अंश यांत फरक आढळला नाही. २०२१ मध्ये अठराशेहून अधिक रुग्णांवरील अभ्यासात, थंड केलेले रुग्ण आणि केवळ ताप येऊ न देण्याची दक्षता घेतलेले रुग्ण यांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय अंतर नव्हते.

त्याच वर्षी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांतील ४०८ नवजात अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः प्राणवायू कमी पडल्याने मेंदूला इजा झालेल्या अर्भकांना थंड करण्याचा उपचार श्रीमंत देशांत लाभदायक ठरला होता. येथे मात्र थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के, तर न केलेल्यांपैकी ३१ टक्के अर्भके दगावली. परक्या मातीत सिद्ध झालेले सत्य आपल्या मातीत जसेच्या तसे उगवते, ही समजूत किती महाग पडू शकते याचे याहून दारुण उदाहरण सापडणे कठीण. आपल्या रुग्णांवरचे निष्कर्ष आपल्याच रुग्णांकडून मिळवावे लागतात.

बाजाराला न दिसणारे

येथपर्यंतचा विचार वैद्यकाचा झाला. परंतु अशा अभ्यासांसाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. नव्या औषधामागे कंपनी उभी असते, कारण वीस वर्षांच्या पेटंटमधून खर्च वसूल करण्याची तिला आशा असते. थंडीला मालक नसतो. शीतनाच्या यंत्राला पेटंट मिळू शकेल; पण रुग्णाचे तापमान दोन अंशांनी बदलण्याच्या कल्पनेवर मालकी कोण सांगणार? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार माणसावरील उपचाराची पद्धती पेटंटयोग्य शोध मानलीच जात नाही. ही तरतूद योग्यच आहे. शल्यविशारदाने टाका कसा घालावा यावर कोणाची मक्तेदारी असू नये. मात्र तिचा परिणाम असा, की ज्या ज्ञानावर मालकी नाही त्याच्या शोधासाठी खाजगी भांडवल पुढे येत नाही.

यात कंपन्यांच्या दुष्टपणाचा भाग नाही. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की ज्ञानाचा लाभ संशोधकाच्या हातून निसटून सर्वांना मिळत असल्याने, मुक्त बाजारपेठ संशोधनावर समाजहिताच्या दृष्टीने हवा त्याहून कमी खर्च करणार. २०१५ मध्ये बडिश, रॉइन आणि विल्यम्स या तीन अमेरिकन अभ्यासकांनी कर्करोगाच्या औषधचाचण्या तपासल्या, तेव्हा खाजगी संशोधनाचा ओढा अंतिम अवस्थेतील रुग्णांच्या औषधांकडे असल्याचे दिसले. त्या चाचण्यांचे फळ काही महिन्यांत हाती येते. रोग पसरूच नये यासाठीच्या उपायाचे फळ कळायला पाच-दहा वर्षे लागतात, आणि तोवर पेटंटचे घड्याळ थांबत नाही. शस्त्रक्रियेच्या चार तासांतील तापमानाचा प्रश्न दोन्ही कसोट्यांवर बाजाराच्या दृष्टीआड राहतो. त्याला मालक नाही, आणि त्याचे उत्तर उशिरा मिळणार आहे.

परळचा धडा

असे प्रश्न हाती घेता येतात याचा दाखला मात्र मुंबईतच आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे निम्म्या स्त्रियांच्या गाठीभोवती लिग्नोकेन टोचण्यात आले. हे तेच बधिर करणारे औषध, जे दात काढताना सर्रास वापरले जाते. पाच वर्षांनंतर हे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. या अभ्यासात तुलनेच्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिलेले नव्हते, आणि अन्यत्र त्याची पुनरावृत्ती व्हावी ही अपेक्षा रास्त आहे. पण दर शंभरामागे सुमारे चार जीव, आणि तेही अत्यंत स्वल्प खर्चात, हे फळ किती महागड्या औषधांच्या पदरी पडते?

हा अभ्यास कोणा औषध कंपनीच्या हिशेबात बसण्याजोगा नव्हता. तो झाला, कारण १९४१ मध्ये लोकोपकाराच्या भावनेतून उभे राहिलेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली असलेले एक सार्वजनिक रुग्णालय अस्तित्वात होते. तेथे रुग्णांची संख्या होती, नोंदी ठेवण्याची शिस्त होती आणि दहा वर्षे वाट पाहण्याची चिकाटी होती. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. असा देश २०२०-२१ मध्ये संशोधन आणि विकास यांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करीत होता. त्यातही जे प्रश्न बाजार विचारणार नाही, ते विचारण्यासाठी वेगळा निधी राखून ठेवण्याची दृष्टी अद्याप रुजलेली नाही.

तापमानाच्या प्रश्नापुरते बोलायचे, तर पहिले पाऊल उचलण्यास फार मोठ्या रकमेची गरज नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज तीनशेहून अधिक संस्था आहेत. तेथील प्रत्येक कर्करोग-शस्त्रक्रियेत रुग्णाच्या गाभ्याचे तापमान ठराविक अंतराने नोंदवून ठेवावे आणि पाच वर्षांनी रोग उलटला की नाही याच्याशी ती नोंद ताडून पाहावी. एवढ्याने काही सिद्ध होणार नाही. ज्यांच्या शस्त्रक्रिया लांबतात त्यांचेच तापमान अधिक उतरते, आणि त्यांचा आजारही बहुधा अधिक वाढलेला असतो. त्यामुळे कारण कोणते आणि सोबती कोण, हे नुसत्या नोंदवह्या सांगू शकत नाहीत. परंतु पुढचा, चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याचा खर्चिक प्रयोग करण्याजोगा आहे की नाही, आणि तो शीतनाचा असावा की कसोशीने ऊब राखण्याचा, हे त्या सांगू शकतील. उत्तर नकारार्थी आले, तरी तो पैसा वाया गेला असे मानू नये. ४०८ अर्भकांच्या अभ्यासाचे उत्तर नकारार्थीच होते, आणि त्या उत्तराने पुढची अर्भके वाचणार आहेत.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. २०२२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ४ अंश तापमानात ठेवलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावल्याचे दाखविले, तेव्हापासून थंड पाण्याच्या स्नानाला कर्करोगाचा उपाय ठरविण्याची घाई अधूनमधून दिसते. उंदराचे माप माणसाला लागू पडत नाही. केमोथेरपीने आधीच अशक्त झालेल्या रुग्णाला बर्फाच्या पाण्यात बसविणे हे उपचार नसून क्रौर्य ठरेल. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कुटुंबाने या चर्चेतून एवढेच घ्यावे, की शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, आणि आपल्या रुग्णाला शस्त्रक्रियागृहात उबदार ठेवले जाते ना, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर आजही पुष्कळ अंशी खरे आहे. तापमानाचे दोन अंश कर्कपेशीची पकड सैल करतात, की राखणदाराचे हात गारठवितात, हे आज कोणालाही नक्की ठाऊक नाही. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्यात विद्यार्थ्याला कमीपणा नव्हता. मात्र थंडीला मालक नाही म्हणून ते ठाऊक करून घेण्याची जबाबदारीही कोणाची नाही, असे लाखो कर्करुग्णांचा देश म्हणू लागला, तर तो कमीपणा ठरेल.